सर्वांत मोठ्या माशाचं बक्षीस आणि कावेरीची वही

गळाने मासे धरण्याच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस बहुतेक ठिकाणी सर्वांत मोठ्या माशाला मिळतं. वजन जाहीर होतं, फोटो निघतात, मंडळी घरी जातात. नदीची तब्येत कळायची तर त्या दिवसातली दुसरीच माहिती हवी असते. किती जण बसले, किती तास बसले आणि किती जण हात हलवत परतले? दहा जणांना मिळून वीस मासे लागले आणि पन्नास जणांना मिळून वीसच लागले, या दोन नद्यांची अवस्था सारखी नाही. म्हणून मत्स्यशास्त्रज्ञ तासामागे किती मासे लागले ते काढतात. त्यात रिकाम्या हाताने उठलेल्यांचे तास धरले नाहीत, तर भागाकारच खोटा पडतो.

असा हिशेब नेटाने ठेवला गेला तो कर्नाटकात, कावेरीवर. कोडगूमध्ये वलनूरला कूर्ग वाइल्डलाइफ सोसायटी महसीर या नदीतल्या मोठ्या माशाला गळाने धरण्याच्या स्पर्धा भरवत आली आहे. तिथून बऱ्याच खाली, भीमेश्वरी आणि गलिबोरे इथे गळवाल्यांचे तळ होते. तिथे स्पर्धा नव्हती, पण चुरस भरपूर. आमिष नाचणीच्या शिजवलेल्या पिठाचा गोळा. लागलेला प्रत्येक महसीर परत सोडायचा आणि वहीत नोंद करायची, हा नियम. पूर्वी चोरून मासे मारणारे काही जण या तळांवर वाटाडे म्हणून कामाला लागले. त्यामुळे डोहात सुरुंग टाकून मासे मारणाऱ्यांवर नजर राहायची, हा फायदा वेगळाच.

गलिबोरेच्या 1998 ते 2012 या काळातल्या नोंदी एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन या मत्स्यशास्त्रज्ञांनी तपासल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध केल्या. एकूण 23,620 तासांत 6,161 महसीर. म्हणजे सरासरी पावणेचार तासांहून थोड्या जास्त वेळाला एक मासा. गळ टाकून बसण्याला तपश्चर्या का म्हणतात ते यावरून कळावं. वर्षांमागून वर्षं तासामागे लागणारे मासे वाढत होते आणि त्यांचं सरासरी वजन कमी होत होतं. लहान मासे भरपूर, म्हणजे वीण चांगली होते आहे. नदी सुधारतेय, असाच अर्थ कुणीही काढला असता.

पण वहीत माशाचा प्रकारही लिहिलेला होता. निळसर परांचा महसीर वेगळा आणि नारिंगी परांचा, पाठीला उंचवटा असलेला कुबडा महसीर वेगळा. दोघांचे आकडे सुटे केल्यावर चित्र उलटलं. वाढ सगळी निळसर परांच्या माशांची होती. कुबडे महसीर वर्षागणिक कमी लागत होते आणि जे लागत होते त्यांचं वजन मात्र वाढत चाललं होतं. नवी पिल्लं मोठी होऊन भरच पडत नसली की असंच होतं. उरतात ते म्हातारे, आणि मासा आयुष्यभर वाढत राहतो. नुसत्या मोठ्या माशाला बक्षीस देणाऱ्या स्पर्धेच्या फलकावर हा ऱ्हास भरभराटीसारखा दिसला असता.

मग निळसर परांचा मासा आला कुठून? इथे गोष्ट आपल्या दाराशी येते. त्याचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री. कर्नल साईक्स यांनी 1839 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून. पुढे लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीच्या मत्स्यबीज केंद्रात त्याची कृत्रिम पैदास साधली. ते खरोखरच अवघड काम होतं आणि त्याचं व्हायचं तेवढं कौतुकही झालं. 1970 च्या दशकापासून तिथली पिल्लं अनेक ठिकाणी सोडण्यात आली, त्यांत कावेरीही होती. हेतू महसीर वाचवण्याचाच होता. फक्त तो महसीर त्या नदीचा नव्हता. कुबड्याच्या घसरणीचं सगळं खापर या पाहुण्यावर फोडता येणार नाही. धरणं, वाळूउपसा आणि सुरुंग यांचाही वाटा आहे. पण मला वाटतं, ‘मासे सोडले की संवर्धन झालं’ असं मानणाऱ्या प्रत्येक आयोजकाने हे प्रकरण वाचायला हवं.

धरून सोडलेला मासा जगतोच, असंही नाही. ओढाताणीत त्याच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठतं. पाण्याबाहेर कल्ल्यांच्या पापुद्र्यांसारख्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि प्राणवायू मिळेनासा होतो, म्हणजे दम लागलेला असतानाच नाक दाबल्यासारखं. उन्हाळ्यात कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो, तेव्हा धोका आणखी वाढतो. म्हणून गळाला उलटा काटा नको, हात ओले हवेत (कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि जंतूंना वाट मिळते) आणि वजनकाट्याला टांगण्यापेक्षा पाण्यातच पट्टीने लांबी मोजलेली बरी. लांबीवरून वजनाचा अंदाज काढता येतो. मोठ्या मादीच्या बाबतीत तर जपावंच, कारण अंड्यांचा सर्वांत मोठा साठा तिच्याकडेच असतो.

गलिबोरेचा तळ अभयारण्यात होता. तिथली गळाची मासेमारी वन्यजीव कायद्याच्या आधारे बंद झाली आणि वही थांबली. कुबड्या महसीरची आणखी एक अडचण होती. 1946 मध्ये कबिनी नदीवर 120 पौंडांचा महसीर धरला गेला, तेव्हापासून गळवाल्यांच्या जगात तो दंतकथा झालेला; पण त्याचं शास्त्रीय नाव काही नक्की नव्हतं. नाव नाही, तर संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत घालणार कसं? केरळातल्या पांबार नदीतून आधीच वर्णन झालेला टॉर रेमादेवी तो हाच, हे 2018 मध्ये स्पष्ट झालं. त्याच वर्षी तो जागतिक लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून नोंदला गेला. अभ्यासासाठीचे नमुने मिळाले ते कावेरीच्या खोऱ्यातल्याच मोयार नदीतून.