कर्करोगाच्या फैलावाने होणारा आंत्रपुच्छदाह

शरीरात दुसरीकडे उद्भवलेल्या कर्करोगाच्या पेशी आंत्रपुच्छात, म्हणजेच अपेंडिक्समध्ये, रुजल्यामुळे त्याला येणारी तीव्र सूज. अपेंडिक्सच्या दाहाचे हे कारण दुर्मीळ आहे. स्तन, फुप्फुस, जठर, मोठे आतडे व अंडाशय यांच्या कर्करोगात ते आढळले आहे.

पेशी रक्तातून, लसीकावाहिन्यांतून (ऊतींमधला द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांतून) किंवा पोटाच्या आतील पर्युदर या आवरणावरून येतात. अंडाशयाच्या कर्करोगात बहुधा तिसरा मार्ग असतो. गाठी बाहेरून चिकटतात, पोकळी मोकळी राहते आणि पुष्कळदा काहीच त्रास होत नाही. पेशी भित्तीत खोल शिरल्या की मात्र पोकळी आवळते, श्लेष्मा (चिकट स्राव) साठून आतला दाब वाढतो, नीलांतून (शिरांतून) रक्त परतेनासे होते, जंतू भित्तीत घुसतात आणि शेवटी ती सडून फुटते.

लक्षणे नेहमीचीच: बेंबीभोवती सुरू होऊन उजवीकडे खाली सरकणारे दुखणे, मळमळ, ताप. केमोथेरपी चालू असेल तर फसगत होते. रक्तातील पांढऱ्या पेशी आधीच घटलेल्या असल्याने दाहात एरवी होणारी त्यांची वाढ दिसत नाही, स्टेरॉइडमुळे ताप दबतो आणि दुखण्याचे खापर औषधांवर फुटते. अशा रुग्णात मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा दाहही असाच भासतो. त्यात शस्त्रक्रिया शक्यतो टाळतात, म्हणून आधी सीटी स्कॅन हवाच. अपेंडिक्सचा व्यास एरवी साधारण ६ मिमी.पर्यंत असतो, तो १५ मिमी.च्या वर गेल्यास गाठीची शंका घ्यावी. लहान गाठी स्कॅनवर दिसत नाहीत.

खरे निदान पॅथॉलॉजीत, म्हणजे काढलेले अपेंडिक्स सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर, होते. अपेंडिक्सचे टोक उभे चिरून, तळाची कापलेली कड आणि मधले आडवे काप तपासतात. आतले अस्तर शाबूत आणि कर्करोगपेशी खालच्या थरांत, ही त्या बाहेरून आल्याची मोठी खूण. अपेंडिक्सचा स्वतःचा कर्करोग बहुधा अस्तरातूनच सुरू होतो. स्तनाच्या लोब्युलर (दूध बनवणाऱ्या ग्रंथींशी संबंधित) कर्करोगाच्या पेशी एकेरी रांगेत शिरतात, त्यामुळे घाईत त्या दाहाच्या पेशी समजल्या जाऊ शकतात. जुन्या गाठीची स्लाइड शेजारी ठेवून तुलना करणे सर्वांत उपयोगी. जोडीला पेशींचे मूळ सांगणारी प्रथिने रंगवून दाखवणाऱ्या चाचण्या करतात: स्तनासाठी गाटा-३, फुप्फुसासाठी टीटीएफ-१.

उपचार म्हणून अपेंडिक्स काढतात. केवळ प्रतिजैविकांवर दाह शमवला, तर गाठ आत तशीच राहते. रोग बाहेरून आलेला असल्याने उजवे मोठे आतडे काढण्याची सहसा गरज नसते. पुढची दिशा मूळ कर्करोग ठरवतो. बेव्हॅसिझुमॅब हे कर्करोगावरचे औषध जखम नीट भरू देत नाही, म्हणून शस्त्रक्रियेनंतर किमान २८ दिवस आणि जखम पूर्ण भरेपर्यंत ते देत नाहीत.