घरच्या पडद्यावरचं गाणं : पट्टी का चढते, कडवं कुठे जातं

रात्रीची जेवणं आटोपली, जुना प्रेमपट लावला, की पुण्यातल्या घरांत मतं सुरू होतात. नायिका फार किरटं गाते. गाणी भराभर उरकली आहेत. हे युगुलगीत उगाच घातलंय. यातली कितीतरी मतं मूळ सिनेमाला लागूच होत नाहीत. घरापर्यंत जी प्रत पोचली, तिचे दोष दिग्दर्शकाच्या आणि संगीतकाराच्या माथी मारले जातात. म्हणून ही प्रत कोणकोणत्या वाटांनी आली ते पाहायला हवं.

गाण्यावर मत देण्याची इथली सवय सिनेमाहून जुनी आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आलं. पुढे पद रंगलं की वन्समोअर घ्यायचा, हा प्रेक्षकांचा हक्कच झाला. कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेली ‘प्रभात’ १९३३ मध्ये पुण्यात आली, तेव्हा तिच्यासमोर बसलेला प्रेक्षक हेच कान घेऊन आला होता. पण पडद्यावरची नटी परत मागे येऊन गात नाही. गाणं पुन्हा ऐकायचं तर तबकडी किंवा रेडिओ.

इथे पहिली गफलत होते. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मावत. पडद्यावर पाच मिनिटं चालणारं गाणं तबकडीसाठी आखडलं जाई. एखादं कडवं गळे, मधले वाद्यमेळाचे तुकडे कमी होत. रेडिओवर वर्षानुवर्षं हेच रूप वाजलं. त्यामुळे घरी सिनेमा पाहताना अनोळखी कडवं आलं की ‘हे मागाहून घुसडलंय’ असं वाटतं. खरं तर गाणं मुळात तेवढंच मोठं होतं.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि १९७३ पासून सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रामुळे पुण्यात दिसू लागलं. शनिवारचा मराठी सिनेमा, रविवारचा हिंदी, गुरुवारचं छायागीत. सिनेमा घरात आला, आणि त्याबरोबर एक दोषही आला. तो फार थोड्यांच्या लक्षात आला. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो; आपल्याकडची पाल ही दूरचित्रवाणी पद्धत सेकंदाला २५ चौकटी दाखवते. सोपा उपाय म्हणून फिल्म सरळ २५च्या वेगाने फिरवली जाई. वेग ४ टक्क्यांनी वाढतो, १५० मिनिटांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपतो. लय वाढते ती एक वेळ चालेल, पण त्याबरोबर स्वरही चढतो, अर्ध्या स्वराच्या पाऊणपटीपेक्षा किंचित कमी. म्हणजे पेटीच्या काळी एकमधलं गाणं पांढरी दोनच्या जवळ जातं, पण तिच्यावर नीट बसत नाही. पेटी घेऊन साथ करायला बसलं की दोन पट्ट्यांच्या मधे अडकायला होतं. गायिकेचा आवाज बारीक वाटण्याचं एक मोठं कारण हेच. मूळ पट्टीत तोच आवाज भरदार लागतो.

दुसरा दोष झिजलेल्या प्रतीचा. हजार फुटांचं रीळ साधारण ११ मिनिटं चालतं, आणि झीज सर्वाधिक रिळाच्या सुरुवातीला नि शेवटाला होते. तुटलेली फिल्म जोडताना काही चौकटी जातात. प्रक्षेपकात ध्वनी वाचणारा भाग चित्राच्या खिडकीच्या सुमारे २० चौकटी पुढे असतो. म्हणून आधी चित्र उडतं आणि पाऊण सेकंदाहून थोड्या जास्त वेळाने सूर उडतो. समेवर असा सांधा आला की तबलजी चुकला असं वाटतं.

मग व्हिडिओ कॅसेट आली आणि वन्समोअर परत आला. रिवाइंड करा, पुन्हा पाहा! मात्र लायब्ररीतून भाड्याने येणारी कॅसेट घरोघरी त्याच गाण्याशी थांबवून मागे फिरवली जाई. पॉज केल्यावर टेप वाचणारा फिरता हेड टेपच्या त्याच पट्टीवर घासत राहतो. त्यामुळे संवाद स्वच्छ आणि लोकप्रिय गाण्यावर पांढऱ्या रेघा, अशी उलटी अवस्था होई. पावसाळ्यात टेपवर बुरशी धरे आणि ती हेडला चिकटे. हेड पुसायचा तो आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शॅमॉय कातड्याने, फिरण्याच्या दिशेनेच. वर-खाली पुसला तर तो मोडतो. साध्या व्हीसीआरवर ध्वनीची पट्टी सेकंदाला फक्त २.३४ सेंटिमीटर वेगाने सरके. तिच्यात झांज, घुंगरू, बासरीची फुंकर यांची धार राहत नसे, आणि टेप ताणली गेली असेल तर लांबवलेला सूर थरथरे.

युगुलगीतांचं सर्वात मोठं नुकसान चौकटीने केलं. सिनेमास्कोप चित्राची रुंदी उंचीच्या २.३५ पट, जुन्या टीव्हीची १.३३ पट. पडदा भरून दाखवायचा तर ४३ टक्के चित्र बाहेर जातं. रुंद पडद्याच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती, मधे डोंगर, अशी रचना असेल तर घरच्या पडद्यावर उरतो तो डोंगर आणि एकाचा खांदा. त्या गाण्याला ‘उगाच घातलेलं’ म्हणणाऱ्याला दोष देता येत नाही.

व्हीसीडीत ७४ ते ८० मिनिटं मावत. तीन तासांचा संगीतपट दोन चकत्यांत बसवायचा तर काहीतरी कापावं लागतं, आणि गाणं कापलं तर कथा तुटत नाही. एनटीएससी या अमेरिकी दूरचित्रवाणी पद्धतीच्या डीव्हीडीत वेगवाढीचा दोष नसतो. म्हणून एकाच सिनेमाच्या दोन प्रतींत पट्टी वेगळी सापडते.

आजच्या ओटीटीवर नव्या सिनेमांचा वेग बहुतेक बरोबर असतो. बिघडवतो तो टीव्ही. मोशन स्मूदिंग, म्हणजे मधल्या चौकटी स्वतः रचून घालण्याची टीव्हीची सोय, बंद करावी. तिने सिनेमातलं नृत्य टीव्ही मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं. जुना चौकोनी सिनेमा १६:९ला ताणू नये, चेहरे तिसऱ्या हिश्शाने रुंद होतात. संवाद ऐकू येत नाहीत आणि गाणं लागताच आवाज अंगावर येतो, अशी तक्रार असेल तर ध्वनी ५.१ (अनेक स्पीकरांसाठीची मांडणी) ऐवजी स्टिरिओवर ठेवून पाहावा. दोनच स्पीकर असलेल्या टीव्हीत मधल्या वाहिनीतले संवाद दबतात. ब्लूटूथ हेडफोनवर ओठ आणि शब्द जुळत नसतील तर पारख गाण्यावरून करू नये, कारण पार्श्वगायनाच्या गाण्यात ओठ मुळातच नंतर जुळवलेले असतात. बातम्या देणाऱ्या निवेदकाचे ओठ पाहावेत.

इंटरनेटवर फिरणाऱ्या जुन्या प्रतींत वेगवाढ अजून शिल्लक आहे. सिनेमाची मूळ लांबी माहीत असेल आणि समोरची प्रत १५० मिनिटांमागे ६ मिनिटं कमी भरत असेल, कुठे काही कापल्यासारखं दिसतही नसेल, तर शंका घ्यावी. मग तानपुऱ्यावर मूळ ध्वनिमुद्रिकेचा षड्ज लावून पडताळावं. फाइल हाताशी असेल तर व्हीएलसी या प्लेअरमध्ये वेग ०.९६ करावा आणि ध्वनी ताणून पट्टी कायम राखण्याची सोय बंद करावी. ती चालू राहिली तर लय उतरते, स्वर मात्र चढलेलाच राहतो.