काचेवरचं यंत्र की गाडीतलं? नॅव्हिगेशनच्या निवडीची पार्श्वभूमी

वाट दाखवणारं यंत्र गाडीत आलं ते उपग्रहांची मदत मिळण्याच्याही आधी. जपानमध्ये १९८१ साली एका मोटारीत असं यंत्र मिळू लागलं. त्यात गाडीची वळणं टिपणारा जायरोस्कोप होता आणि पारदर्शक पट्टीवर छापलेला नकाशा पडद्यावर सरकायचा. पुढे १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात कॅसेटवर नकाशे साठवले गेले आणि १९९० मध्ये पुन्हा जपानमध्येच उपग्रहांवरून जागा सांगणारं जीपीएस गाडीत बसलं. सामान्य माणसाला त्याचा खरा उपयोग झाला मे २००० नंतर. जीपीएसचे उपग्रह अमेरिकेचे, आणि तोपर्यंत ती नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे, सुमारे १०० मीटरपर्यंतची. पुण्याच्या पेठांमध्ये १०० मीटर म्हणजे दोन गल्ल्या पलीकडे.

आपल्याकडे सिग्नल आला तरी नकाशा नव्हता. नकाशा धोरण आलं २००५ मध्ये. संरक्षणासाठीची मालिका वेगळी आणि सर्वांसाठीची वेगळी, अशी वाटणी त्यात झाली. मंजुऱ्या आणि परवाने मात्र मागे लागलेच. खासगी कंपन्यांनी माणसं आणि गाड्या रस्त्यावर पाठवून स्वतः रस्ते टिपले, आणि २००७ च्या सुमारास काचेला चिकटवायची यंत्रं बाजारात दिसू लागली.

मी २००९ मध्ये असं एक यंत्र घेतलं. रबरी वाटी काचेवर दाबायची, वायर सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये घालायची आणि आकाशातले उपग्रह सापडेपर्यंत थांबायचं. एप्रिलच्या उन्हात वाटी सुटून यंत्र थेट गिअरवर पडायचं. गावांचे उच्चार ऐकवत नसत. पण ताम्हिणीत फोनला एक काडी रेंज नसताना त्याचा बाण वळणावळणाने बरोबर चालत होता, कारण अख्खा नकाशा आत कार्डावर होता. घाट उतरल्यावर तेच यंत्र काढून भावाच्या गाडीत लावता आलं.

त्याच काळात गाडीत बसवून येणारं नॅव्हिगेशन महागड्या मॉडेलांपुरतंच होतं. त्याचा नकाशा डीव्हीडीवर किंवा कार्डावर असे आणि नवा हवा असेल तर सर्व्हिस सेंटरला पैसे मोजावे लागत. बहुतेक मालक ते मोजत नसत. पाच वर्षांनी पडदा नवाकोरा दिसायचा आणि रस्ते जुनेच. मग जानेवारी २०१० मध्ये फिनलंडच्या एका मोबाइल कंपनीने आपल्या फोनवर बोलणारं नॅव्हिगेशन फुकट दिलं, अँड्रॉइडवरचंही आलं, आणि काचेवरच्या यंत्रांची दुकानं काही वर्षांतच ओस पडली.

खरा गोंधळ झाला तो इथून पुढे, आणि तो शब्दांचा आहे. आज शोरूममधल्या पत्रकात ‘इनबिल्ट नॅव्हिगेशन’ असं लिहिलेलं असतं, पण त्याखाली तीन वेगळ्या गोष्टी खपतात. पहिली म्हणजे नकाशा खरोखर गाडीच्या आत असणं. गाडी आपली जागा स्वतःच्या अँटेनावरून आणि चाकांच्या सेन्सरवरून ओळखते, फोन घरी राहिला तरी बिघडत नाही. दुसरी, गाडीत सिम असणं. नकाशा आणि रहदारीची माहिती त्यावरून येते, पण काही वर्षांनी फुकटची मुदत संपते आणि वर्गणी सुरू होते. तिसरी म्हणजे फोन गाडीच्या पडद्याला जोडणारं अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले. इथे नकाशा, शोध आणि डेटा सगळं फोनचं असतं, गाडीचा फक्त पडदा. तिसऱ्या प्रकाराला इनबिल्ट म्हणणं मला गिऱ्हाईकाची फसवणूकच वाटते. केबल सैल झाली, फोन तापला किंवा रेंज गेली की ते ‘इनबिल्ट’ तिथेच संपतं. नकाशा आधी फोनमध्ये उतरवून ठेवला असेल तरच निभावतं.

त्यात ‘जीपीएस’ या शब्दाची भर. १ जानेवारी २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना ठिकाण कळवणारं उपकरण आणि आपत्कालीन बटण सक्तीचं झालं, रिक्षांसारखे अपवाद सोडून. त्यालाही सगळे जीपीएसच म्हणतात. पण ते यंत्र गाडी कुठे आहे हे मालकाला सांगतं, ड्रायव्हरला वाट दाखवत नाही. जुनी गाडी घेताना ‘जीपीएस आहे’ या उत्तरावर थांबू नये, ते याचसाठी.

नकाशांवरची बंधनं सैल झाली ती फेब्रुवारी २०२१ मध्ये. त्याआधी २०१६ च्या एका मसुद्यात चुकीच्या नकाशासाठी १०० कोटी रुपयांपर्यंत दंड सुचवला होता, तो कायदा झालाच नाही. नव्या नियमांनी भारतीय कंपन्यांची आगाऊ मंजुरीची अट काढली. १ मीटरपेक्षा बारीक अचूकतेचे नकाशे करणं आणि रस्त्यावर फिरून टिपणं हे काम त्यांच्यासाठीच राखलं. पुढच्याच वर्षी रस्त्यांची छायाचित्रं दाखवणारी सेवा भारतीय भागीदारांच्या मदतीने देशातल्या १० शहरांत सुरू झाली. त्यांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर होतं. ते अहमदनगर आज अहिल्यानगर आहे. जुन्या कार्डावर हे नाव टाकलं तर काही सापडत नाही, छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिवचंही तसंच. महामार्गांचे क्रमांक तर २०१० मध्येच बदलले, आणि आपण अजून कोकणच्या रस्त्याला सतराच म्हणतो.

काचेला फोन लावून चालवणाऱ्यांसाठी ऑक्टोबर २०२० पासून नियम स्पष्ट आहे. गाडी चालवताना हातातलं उपकरण फक्त रस्ता शोधण्यासाठी वापरायचं, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने.

गाडीतल्या यंत्राची बाजू ज्यांना पटत नाही त्यांनी समृद्धी महामार्गावर इगतपुरी ते आमणे हा टप्पा चालवून पाहावा. जून २०२५ मध्ये तो खुला झाला. तिथल्या सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्यात वरून उपग्रह दिसत नाही. फोन अंदाजाने बाण पुढे ढकलतो किंवा जागीच थांबतो. चाकांचे फेरे मोजणारी गाडी कसाऱ्याच्या बाजूला बाहेर पडेपर्यंत नकाशावरची आपली जागा चुकत नाही. अट इतकीच की तिच्या नकाशात हा बोगदा असायला हवा. २०२४ च्या कार्डावर तिथे अजून डोंगरच आहे.