एक्सटेंडेड वॉरंटी नको असेल तर ती रद्द कशी करायची?

(आमच्या गॅरेजच्या ग्राहकांसाठी)

नवी गाडी घेतल्यावर महिन्याभरात बरेच जण बिल घेऊन आमच्याकडे येतात आणि विचारतात, "दादा, हे सतरा हजार कसले लावलेत?" डिलिव्हरीच्या दिवशी हार, पेढे, फोटो अशी घाई असते. त्या घाईत पाच-सहा कागदांवर सह्या होतात आणि त्यातला एक कागद एक्सटेंडेड वॉरंटीचा, म्हणजे मूळ वॉरंटीनंतर पुढे चालणाऱ्या विकतच्या जादा वॉरंटीचा असतो. हे पत्रक त्या ग्राहकांसाठी आहे.

आमची बाजू आधीच सांगतो. आम्ही ही वॉरंटी विकत नाही. पण वॉरंटी नसलेली गाडी आमच्याकडे कामाला येण्याची शक्यता जास्त, हेही खरं आहे. म्हणून "रद्दच करा" असा सल्ला आम्ही देत नाही. ठरवायचं तुम्ही, फक्त नीट माहिती घेऊन ठरवा.

ती सुरू कधी होते?

एक्सटेंडेड वॉरंटी कंपनीची मूळ वॉरंटी संपल्यावर लागू होते. मारुतीने जुलै २०२४ मध्ये मूळ वॉरंटी २ वर्षे किंवा ४०,००० किलोमीटरवरून ३ वर्षे किंवा १ लाख किलोमीटर केली. म्हणजे रोज थोडंच चालवणाऱ्याने अशा गाडीवर आज घेतलेली जादा वॉरंटी चौथ्या वर्षी कामाला येणार. तोवर तुम्ही त्या पैशांच्या बदल्यात काहीच वापरलेलं नसतं. रद्द करण्याची मागणी याच काळात सर्वात भक्कम असते.

पैसे परत मिळतात का?

आयुर्विमा आणि आरोग्य विम्यात पॉलिसी वाचून ठरावीक दिवसांत परत करता येते. ती सवलत इथे आपोआप मिळत नाही, कारण ही वॉरंटी म्हणजे विमा नव्हे. झिरो डेप आणि इंजिन प्रोटेक्ट हे मात्र विम्याचे भाग आहेत. बिलात या रकमा शेजारी-शेजारी असल्या तरी त्यांची गल्लत करू नका.

त्यामुळे वॉरंटीच्या पुस्तिकेत 'रद्द करणे' या कलमाखाली काय लिहिलंय ते आधी वाचा. अटी कंपनीगणिक वेगळ्या असतात. कुठे थोडा खर्च कापून पैसे देतात, कुठे उरलेल्या मुदतीच्या प्रमाणात देतात, तर कुठे 'परतावा नाही' असंच छापलेलं असतं. शोरूममधल्या माणसाच्या तोंडी "होत नाही" वर थांबू नका. "कोणत्या कलमानुसार होत नाही, ते लिहून द्या" असं शांतपणे सांगा.

न विचारता वॉरंटी लावली असेल, तर गोष्ट वेगळी. पहिलं कोटेशन, बुकिंग फॉर्म आणि शेवटचं बिल शेजारी ठेवा. कोटेशनमध्ये नसलेली रक्कम बिलात आली असेल आणि संमतीची वेगळी सही नसेल, तर पूर्ण रक्कम मागा.

अर्ज असा करा

फोनवर बोलून उपयोग नाही. शोरूमला आणि वॉरंटी देणाऱ्या कंपनीला एकाच दिवशी ई-मेल करा. छापील प्रत शोरूममध्ये देऊन शिक्क्यासह पोच घ्या. मजकूर एवढा पुरे:

"माझ्या गाडीची (चासी नंबर, बिल नंबर व तारीख) एक्सटेंडेड वॉरंटी मला नको आहे. आजपर्यंत तिच्यावर एकही क्लेम घेतलेला नाही. आजचं किलोमीटर रीडिंग इतकं आहे. वॉरंटी रद्द करून परताव्याचा हिशोब मला लेखी कळवावा."

सोबत वॉरंटी सर्टिफिकेट, बिल आणि मीटरचा फोटो जोडा.

हिशोब आला की जीएसटी बघा. १५,००० ची वॉरंटी १८ टक्के कर धरून १७,७०० ला पडते. पूर्ण परतावा असेल तर वरचे २,७०० देखील मागा. त्यासाठी शोरूम क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) काढतं, पण ती करखात्याला दाखवायची मुदत बिलाचं आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच असते. ही तारीख उलटली की कराचे पैसे सोडवणं अवघड होतं. म्हणून उशीर करू नका.

वॉरंटी लोनमध्ये घातली असेल तर परतावा बँकेच्या लोन खात्यात जमा होऊ शकतो. हप्ता आपोआप कमी होईलच असं नाही, बँकेत विचारा. २०,००० रुपये साडेनऊ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतले तर फेड साधारण २५,२०० होते, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. तुम्ही मोजलेली रक्कम (मोबदला) ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि मुदत २ वर्षांची आहे.

कुणी रद्द करू नये?

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स किंवा टर्बो इंजिनची गाडी सहा-सात वर्षं वापरायची असेल, तर आमच्या मते वॉरंटी राहू द्या. त्यातलं एक मोठं काम निघालं की भरलेले पैसे वसूल होतात. गाडी विकणार असाल तर नव्या मालकाच्या नावावर वॉरंटी होते का, ते आधी विचारा. होत असेल तर तेवढी किंमत जास्त मागता येते.

पुस्तिका समजत नसेल तर कागद घेऊन गॅरेजवर या. वाचून सांगायचे आम्ही पैसे घेत नाही.