सगळं रिअल टाइम पाहिजे? मग आधी सिंक आणि असिंकमधला फरक बघा

इंटिग्रेशनचं, म्हणजे वेगवेगळ्या सिस्टिम एकमेकांना जोडण्याचं, काम सुरू करताना पहिल्याच मीटिंगला बहुतेक ग्राहक सांगतात, आम्हाला सगळं रिअल टाइम पाहिजे. म्हणजे त्यांच्या डोक्यात सिंक्रोनस, थोडक्यात सिंक, असतं. पण लवकर होणं वेगळं आणि उत्तर येईपर्यंत थांबून राहणं वेगळं.

सिंक म्हणजे फोन लावून होल्डवर बसणं. तुमच्या वेबसाइटने ईआरपीला (कंपनीचा हिशोब, स्टॉक, ऑर्डर सांभाळणारं सॉफ्टवेअर) ऑर्डर पाठवली की कनेक्शन उघडं राहतं, समोरून हो किंवा नाही येईपर्यंत वेबसाइट तिथेच अडकून. असिंकमध्ये मेसेज क्यूमध्ये, म्हणजे मेसेजच्या रांगेत, टाकायचा, पोच घ्यायची आणि पुढच्या कामाला लागायचं, पलीकडची सिस्टिम तो तिच्या सवडीने उचलते. आता ही सवड कित्येकदा सेकंदापेक्षाही कमी असते, त्यामुळे असिंक म्हणजे रात्री चालणारी बॅच असं समजू नका.

सिंकची खरी अडचण साखळी लांबली की कळते. वेबसाइट, ईआरपी, गोदाम अशा तीन सिस्टिम एकामागे एक जोडल्या आणि प्रत्येक ९९ टक्के वेळ चालू असली, तरी तिन्ही एकदम चालू असण्याची शक्यता ९७ टक्क्यांच्या आसपास येते, कारण एक जरी झोपली तरी सगळं अडतं. त्यात टाइमआउट. दोन सिस्टिमच्या मधे एनजिनएक्स प्रॉक्सी (निरोप इकडून तिकडे देणारा सर्व्हर) असेल तर ती डिफॉल्टने ६० सेकंद काहीच आलं नाही की ५०४, म्हणजे टाइमआउटची एरर, देऊन मोकळी होते, पण मागे ईआरपीचं काम कदाचित चालूच असतं आणि ६५व्या सेकंदाला ऑर्डर नोंदलीही जाते! युजरला एरर दिसली, त्याने परत बटण दाबलं, झाल्या दोन ऑर्डर. टाइमआउट म्हणजे काम झालं नाही असं नसतं, झालं की नाही ते माहीत नाही एवढाच त्याचा अर्थ. म्हणून प्रत्येक ऑर्डरला पाठवणाऱ्याकडूनच एक युनिक नंबर द्या असा आमचा हट्ट असतो, तोच नंबर परत आला तर दुसरी ऑर्डर बनवायची नाही.

हा नंबर असिंकमध्येही लागतोच. बऱ्याचशा क्यू मेसेज निदान एकदा तरी पोचेल एवढीच हमी देतात, म्हणजे कधीमधी तोच दोनदा येणार हे धरूनच चालायचं. क्रमाचंही तसंच, काफ्का या मेसेज सिस्टिममध्ये क्रम फक्त एका पार्टिशनपुरता (एका भागापुरता) पाळला जातो, म्हणून एका ऑर्डरचे सगळे मेसेज एकाच 'की'वर (पार्टिशन ठरवणारी खूण) पाठवावे लागतात नाहीतर कॅन्सल आधी आणि ऑर्डर मागून असा गोंधळ होतो. आणि हो, क्यू म्हणजे कायमचं गोदाम नाही बरं का. अॅमेझॉनच्या एसक्यूएस या क्यू सेवेत मेसेज डिफॉल्टने ४ दिवस राहतो, वाढवून जास्तीत जास्त १४, तुमची सिस्टिम त्याहून जास्त दिवस बंद राहिली तर तो गुपचूप उडतो.

सपोर्टला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, "२०२ आला होता, मग ऑर्डर दिसत का नाही?" २०२ हा सर्व्हरचा उत्तराचा कोड, त्याचा अर्थ मेसेज घेतला, बस. पुढे तो फेल झाला तर आपण थोडं थोडं अंतर वाढवत परत ट्राय करतो आणि ठरलेल्या वेळा संपल्या की तो डेड लेटर क्यूमध्ये, म्हणजे फेल झालेल्या मेसेजच्या वेगळ्या रांगेत, बाजूला पडतो. तिथे रोज बघणारा माणूस तुमच्याकडे नसेल तर असिंक घेऊच नका, अगदी स्पष्ट सांगतो.

मग निवडायचं कसं? स्क्रीनसमोरच्या माणसाला पुढचं पाऊल टाकायला उत्तर लागतंच का, एवढंच विचारा. लॉगिन, स्टॉक आहे का, पेमेंट मंजूर झालं का, इथे सिंक. इनव्हॉइस, ईमेल, गोदामाला कळवणं, रिपोर्ट हे सगळं क्यूवर. आमच्याकडे बहुतेक ठिकाणी दोन्ही मिसळूनच असतं, ऑर्डर तपासून नंबर देईपर्यंत सिंक आणि मागचं सगळं असिंक.

अडलं तर एररचा स्क्रीनशॉट नको, मेसेजचा कोरिलेशन आयडी, म्हणजे त्याचा ओळख नंबर, पाठवा. प्रत्येक टप्प्याच्या लॉगमध्ये तोच आयडी असतो, त्यामुळे मेसेज कुठे अडकलाय ते लगेच शोधता येतं.