नव्या परवानाधारकाच्या कारचा विमा : पात्रता, कागदपत्रे आणि हप्ता कमी ठेवण्याचे मार्ग

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार सार्वजनिक रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाला किमान थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीची भरपाई करणारा विमा, असणे बंधनकारक आहे. तो नसताना गाडी चालवताना पहिल्यांदा सापडल्यास कलम १९६ खाली २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पुन्हा तोच गुन्हा घडल्यास दंड ४,००० रुपयांचा होतो. नुकताच पक्का परवाना हाती आलेल्या मुलामुलींच्या घरी मात्र चिंता वेगळीच असते : चालक नवखा आणि वयाने लहान म्हणून विमा महाग पडेल का? इंटरनेटवर या प्रश्नाची जी उत्तरे सापडतात त्यांतील बरीच ब्रिटन-अमेरिकेतील असतात. तिथे चालकाच्या वयावरून हप्ता खरोखरच चढतो. आपल्याकडे थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवते आणि तो इंजिनाच्या क्षमतेनुसार आकारला जातो. त्यात चालकाच्या वयाचा संबंध येत नाही. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागाचा, म्हणजे ओन डॅमेजचा दर प्रत्येक कंपनी आपापला लावते, पण तोही प्रामुख्याने गाडीचे मॉडेल, वय, नोंदणीचे शहर आणि आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, यांवरून निघतो. त्यामुळे हप्ता किती बसणार हे बहुतांशी गाडी कोणती घेतली आणि ती कोणाच्या नावावर घेतली, यावरच ठरून जाते.

१ जून २०२२ पासून लागू झालेल्या तक्त्यानुसार खाजगी कारचा थर्ड पार्टीचा वार्षिक हप्ता १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. वॅगनआर एक लिटर आणि १.२ लिटर अशा दोन्ही इंजिनांत मिळते. पहिली ९९८ सीसीची, दुसरी ११९७ सीसीची. बाहेरून पाहता फरक फारसा जाणवत नाही, पण थर्ड पार्टीत करासह वर्षाला सुमारे १,५६० रुपयांचा फरक पडतो. नव्या कारचा थर्ड पार्टी विमा सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, म्हणून शोरूमच्या कोटेशनमधील आकडा मोठा दिसतो. ओन डॅमेजचा विमा मात्र एकेका वर्षाचा आणि दुसऱ्या कंपनीकडूनही घेता येतो. डीलरने पुढे केलेलीच पॉलिसी घेण्याचे ग्राहकावर बंधन नाही, तेव्हा त्याच आयडीव्हीवर आणखी दोन-तीन कोट मागवून तुलना करावी.

पात्रतेत दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. विमा नोंदणीकृत मालकाच्या नावाने निघतो. आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, नाव वडिलांचे आणि पॉलिसी मुलाच्या नावाची, असे चालत नाही. गाडी कोणी चालवावी याची अट मात्र सोपी आहे : अपघाताच्या वेळी चालकाकडे त्या वर्गाचा, म्हणजे कारसाठी एलएमव्हीचा (हलक्या मोटार वाहनाचा), वैध परवाना असला पाहिजे आणि त्याला अपात्र ठरवलेले नसावे. वडिलांची गाडी मुलीने चालवली, तर तिचे नाव पॉलिसीत वेगळे घालावे लागत नाही. लर्निंग लायसन्सवर चालवणाऱ्यालाही संरक्षण मिळते, पण शेजारी परवानाधारक शिकवणारा बसलेला असणे आणि गाडीला पुढे-मागे ‘एल’ची पाटी असणे, या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील अटी पाळलेल्या असल्या पाहिजेत. शेजारी शिकाऊ मित्रच बसला असेल, तर क्लेम अडतो.

घरात दुर्लक्षित राहणारा मुद्दा मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याचा आहे. पंधरा लाखांचे हे संरक्षण वैध परवाना असलेल्या नोंदणीकृत मालकालाच मिळते. गाडी वडिलांच्या नावावर असेल आणि चालवताना मुलाला अपघात झाला, तर या कलमाखाली मुलाला काहीही मिळत नाही, आणि थर्ड पार्टी विमाही चालकाच्या स्वतःच्या इजेसाठी नसतो. अशा मुलासाठी स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी काढावी. तिचा हप्ता फार नसतो. पुढे त्याच्या स्वतःच्या नावावर गाडी आली आणि ही पॉलिसी किमान पंधरा लाखांची असेल, तर मोटार पॉलिसीतील हा भाग वगळता येतो.

नव्या गाडीसाठी भरलेला प्रस्ताव अर्ज, गाडीचे बिल, इंजिन व चॅसिस क्रमांक, केवायसीसाठी आधार किंवा पॅन, वारसदाराचे नाव आणि कर्ज असल्यास बँकेचे नाव एवढे लागते. १ जानेवारी २०२३ पासून केवायसीशिवाय नवी पॉलिसी निघत नाही.

जुनी गाडी घेतली तर काम वाढते, आणि नवशिके बहुधा जुनीच गाडी घेतात, ते योग्यही आहे. फॉर्म २९ व ३० भरून आरटीओत मालकीचे हस्तांतर करायचे आणि हस्तांतराच्या तारखेपासून १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे पॉलिसी आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्यायचा. सोबत जुन्या पॉलिसीची प्रत, आरसी, फॉर्म २९ व ३० च्या प्रती, आधीच्या मालकाचे संमतीपत्र आणि नवा प्रस्ताव अर्ज जोडावा लागतो. आधीच्या मालकाने घेतलेल्या नो क्लेम बोनसची (एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) उरलेल्या मुदतीची रक्कमही भरावी लागते, कारण एनसीबी गाडीबरोबर विकला जात नाही; तो विमाधारकाचा असतो. म्हणून पहिल्याच गाडीच्या अर्जात एनसीबीच्या रकान्यात शून्य लिहावे. एजंटने २० किंवा २५ टक्के टाकून हप्ता खाली आणला असेल, तर तो अर्ज परत करावा. खोट्या एनसीबीवर काढलेल्या पॉलिसीचा क्लेम नेमका मोठ्या खर्चाच्या वेळी अडतो. जुनी पॉलिसी संपलेली असेल, तर कंपनी आधी गाडीची पाहणी करते, हल्ली पुष्कळदा मोबाइलवरील व्हिडिओने, आणि त्यानंतरच ओन डॅमेज संरक्षण सुरू होते.

एनसीबीची चढण क्लेमविरहित वर्षांनुसार २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के अशी आहे आणि ती फक्त ओन डॅमेजच्या हप्त्यावर लागते. नवशिक्याच्या हातून पहिल्या वर्षी बंपर घासला जाणारच, असे धरून हिशेब करावा. समजा बंपरचा नुसता भाग ६,००० रुपयांचा आहे. प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) कापला की ३,००० उरतात. १,५०० सीसीपर्यंतच्या कारची १,००० रुपयांची सक्तीची वजावट (प्रत्येक क्लेममध्ये मालकाने स्वतः सोसायची रक्कम) गेली की हाती २,००० येतात. ओन डॅमेजचा हप्ता ८,००० असेल, तर पुढच्या वर्षी २० टक्के बोनस बुडाल्याने १,६०० रुपये जातात आणि त्यापुढच्या वर्षी २५ ऐवजी २० टक्केच मिळाल्याने आणखी ४००. रंगकाम-मजुरीचा खर्च मोठा नसेल, तर असा क्लेम न केलेलाच बरा. झिरो डेप हे जादा संरक्षण घेतल्यास घसारा कापला जात नाही, म्हणून पहिल्या दोन वर्षांसाठी मी ते सुचवेन. नवी गाडी असेल तर नक्कीच. ऐच्छिक वजावट वाढवून मिळणारी सूट मात्र तुटपुंजी असते. पूर्वीच्या टॅरिफमध्ये (सर्व कंपन्यांना लागू असलेल्या दरपत्रकात) २,५०० रुपयांच्या ऐच्छिक वजावटीला २० टक्के सवलत होती, पण तिची कमाल मर्यादा ७५० रुपये होती.

आयडीव्ही खाली ओढून हप्ता कमी करण्याच्या फंदात पडू नये. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी टोटल लॉस धरली जाते, आणि गाडी चोरीला गेली तरी भरपाईचा आधार हाच आकडा असतो. गाडी फक्त शनिवार-रविवारी बाहेर निघत असेल, तर जुलै २०२२ मध्ये आयआरडीएआय या विमा नियामकाने परवानगी दिलेल्या, किलोमीटरवर आधारित हप्त्याच्या ॲड-ऑनची, म्हणजे पॉलिसीला जोडायच्या पर्यायाची, चौकशी करावी. एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने मान्य केलेले चोरीविरोधी यंत्र बसवलेले असेल, तर त्याची छोटी सूटही अर्जात मागावी.

पॉलिसी हाती आल्यावर नाव, नोंदणी क्रमांक, इंजिन व चॅसिस क्रमांक, आयडीव्ही आणि एनसीबी आरसीशी व अर्जाशी ताडून पाहावेत आणि चूक असल्यास कंपनीकडून लगेच लेखी दुरुस्ती करून घ्यावी. काही दिवसांनी सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून विम्याची मुदत तिथे दिसते का तेही पाहावे. नूतनीकरण मुदतीच्या आतच करावे. मुदत संपल्यावर एनसीबी ९० दिवस टिकतो, पण त्या मधल्या दिवसांत गाडीला कोणतेच संरक्षण नसते.