सुटी आली, जोडून घेतली: किट कारच्या पेट्रोल-दुखण्यांमागची पार्श्वभूमी

किट स्पोर्ट्‌स कार, म्हणजे सुटे भाग घेऊन मालकाने स्वतः जोडलेली गाडी, झटके मारू लागली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर दम सोडू लागली, की पहिला संशय पेट्रोलवर जातो. बऱ्याचदा तो खराही ठरतो. (इग्निशनचा दोष पेट्रोल-हवेचं मिश्रण करणाऱ्या कार्बोरेटरच्या माथी मारायची गॅरेजमधली परंपरा जुनी आहे, तेवढं मात्र लक्षात ठेवावं.) खरी अडचण पुढे असते. कारखान्यातून आलेल्या गाडीत टाकीपासून इंजिनापर्यंतची लाइन एकाच ठिकाणी ठरलेली असते आणि पंपाचा दाब किती हवा हे मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. किट कारमध्ये टाकी एकाची, पंप दुसऱ्याचा, इंजिन तिसऱ्याच गाडीतून काढलेलं आणि मधली नळी मालकाने सुट्टीच्या दिवशी बसवलेली. कुठला भाग कुठल्या काळातला आहे हे कळल्याशिवाय दोष सापडत नाही.

ही खिचडी कुणा इंजिनिअरच्या डोक्यातून आली नाही, ती ब्रिटिश कर खात्यामुळे शिजली. ब्रिटनमध्ये १९४० पासून तयार मालावर ‘पर्चेस टॅक्स’ होता आणि मोटारीवर तो भरभक्कम होता. सुटे भाग घेऊन गाडी स्वतःच जोडली, तर हा कर लागत नसे. कॉलिन चॅपमनच्या लोटस या ब्रिटिश मोटार कंपनीने १९५७ मध्ये ‘सेव्हन’ ही स्पोर्ट्‌स कार आणली ती याच फटीवर बोट ठेवून. करासकट तयार गाडी १,०३६ पौंडांना आणि किट ५३६ पौंडांना. नियमाप्रमाणे किटसोबत जोडणीच्या सूचना देता येत नसत, म्हणून लोटसने गाडी ‘सुटी करण्याच्या’ सूचना दिल्या आणि गिऱ्हाइकाने त्या उलट्या क्रमाने वाचल्या, असा किस्सा अजून सांगतात. नोव्हेंबर १९६२ मध्ये मोटारींवरचा कर ४५ टक्क्यांवरून २५ वर आला आणि किटचं आकर्षण घटलं. १ एप्रिल १९७३ पासून सुट्या भागांवरही लागणारा व्हॅट आला, तेव्हा ती फट कायमची बुजली. त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क सरे परगण्यातल्या कॅटरहॅम कार्सला दिले. कराचं कारण संपलं तरी हौस संपली नाही. उलट भंगारातल्या फोर्ड एस्कॉर्टचं इंजिन, गिअरबॉक्स आणि एक्सल काढून नव्या सांगाड्यात बसवण्याचा उद्योग पुढे वाढतच गेला.

पहिल्या पिढीची इंधनव्यवस्था साधी होती. सुरुवातीच्या सेव्हनमध्ये फोर्डचं ११७२ सीसी साइड-व्हॉल्व्ह इंजिन असे, पुढे काहींत बीएमसी या ब्रिटिश कंपनीचं ९४८ सीसी आलं. कॅमशाफ्टच्या धक्क्यावर चालणारा मेकॅनिकल पंप टाकीतून पेट्रोल ओढायचा आणि जेमतेम दाबाने कार्बोरेटरला द्यायचा. या पंपाचा शत्रू म्हणजे उष्णता. पंप इंजिनला चिकटलेला, त्यात ओढणारी बाजू लांब. पेट्रोल तापलं की नळीत वाफ होते आणि पंप नुसती वाफच ढवळत बसतो. आपल्याकडे ज्यांनी मे महिन्यात प्रीमियर पद्मिनी खंडाळ्याच्या घाटात चढवली आहे त्यांना हे सांगायला नको. पंपावर ओलं फडकं टाकून रस्त्याच्या कडेला उभे राहिलेले लोक त्या काळी घाटाचाच भाग होते.

वाफेवर उपाय म्हणून इलेक्ट्रिक पंप आला. एसयू कंपनीचा पंप टिकटिक आवाज करायचा. आत पॉइंट, म्हणजे विजेचे उघडझाप करणारे संपर्क, असायचे, ते जळाले की पंप मुका व्हायचा आणि पान्याच्या मागच्या टोकाने एक टोला दिला की पुन्हा बोलू लागायचा. नंतरच्या पिढीने त्याच्या जागी फॅसेट कंपनीचे बिनपॉइंटचे छोटे पंप बसवले. ते स्वस्त आणि दणकट, पण ढकलण्यात तरबेज आणि ओढण्यात कच्चे. त्यांची जागा मागे टाकीजवळ, शक्य तितकी खाली. किट जोडणारा मात्र वायर पोचते म्हणून पंप पुढे इंजिनाशेजारी बसवतो आणि वाफेचं जुनं दुखणं नव्या पैशांनी परत घरी आणतो.

याच सुमारास दाबाचा घोळ सुरू झाला. हौशी मालकाला बोलोन्याच्या वेबर कंपनीचे डीसीओई कार्बोरेटर हवे असत, फोर्डच्या १६०० सीसी क्रॉसफ्लो इंजिनावर दोन ४० डीसीओई म्हणजे चैनच. या कार्बोरेटरला साधारण ३ पीएसआय (दाबाचं ब्रिटिश माप) दाब पुरतो. फॅसेटचे काही पंप त्याच्या दुप्पट देतात. मग कार्बोरेटरच्या तोंडाशी असलेल्या नीडल व्हॉल्व्हला पेट्रोल अडवता येत नाही, आतला छोटा साठा म्हणजे फ्लोट चेंबर भरून वाहतो, प्लग काळे पडतात आणि गाडी घुसमटते. मालकाला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, म्हणून तो आणखी मोठा पंप आणतो! हे इतक्या जणांनी केलं आहे की मधे दाब कमी करणारा रेग्युलेटर लावणं हा रिवाजच झाला. त्यातला मालपासी कंपनीचा ‘फिल्टर किंग’ लोकप्रिय व्हायचं एक कारण त्याची काचेची वाटी. बॉनेट उघडलं की तळाशी साचलेला कचरा आणि पाण्याचा थेंब डोळ्यांना दिसतो.

दाब बरोबर आला म्हणजे काम झालं असंही नाही. गेजवर ३ पीएसआय दिसत असताना गाडी उपाशी राहू शकते, कारण गेज दाब सांगतं, पेट्रोल किती येतं ते सांगत नाही. १५० हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण थ्रॉटलला तासाला सुमारे ४५ लिटर पितं, म्हणजे मिनिटाला पाऊण लिटर. इंजिन बंद आणि थंड असताना कार्बोरेटरजवळची नळी काढून मापाच्या बरणीत सोडावी, पंप अर्धा मिनिट चालवावा. ४०० मिलिलिटरही आलं नाही, तर कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रं) बदलण्यात अर्थ नाही, मागेच काहीतरी अडलं आहे. (जवळ आग विझवायचं सिलिंडर हवंच.) अडतं कुठे? टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पिकअप नळीच्या जाळीत, फिल्टरमध्ये, चासीखाली वळवताना दबलेल्या नळीत आणि वेबरच्या वरच्या पितळी टोपणाखालच्या त्या चिमुकल्या जाळीत, जी असते हेच अनेकांना माहीत नसतं. टाकीच्या झाकणाचा व्हेंट (हवेचं छिद्र) बुजला असेल, तर वीस-एक मिनिटांनी गाडी मरते आणि थोडं थांबलं की चालू होते. झाकण उघडताच ‘सुस्स’ असा आवाज आला, की समजावं.

एक दोष मात्र खास किट कारचा. फॅक्टरीच्या गाडीत पत्र्याची बॉडीच अर्थिंगचं काम करते. इथे बॉडी बऱ्याचदा फायबरग्लासची आणि सांगाड्यावर पावडर कोटिंगचा जाड थर. पंपाची अर्थ वायर त्या रंगावर स्क्रूने आवळली, तर सुरुवातीला चालतं, गंज चढला की नाही. बॅटरीवर साडेबारा व्होल्ट आणि पंपाच्या टर्मिनलवर, पंप चालू असताना, दहाच. पंप टिकटिकतो, म्हणून कुणी त्याच्यावर शंका घेत नाही. माझ्या मते कार्बोरेटर उघडण्याआधी मल्टिमीटर काढावा. ते दोन मिनिटांचं काम आहे आणि कुठलंही गास्केट फाटत नाही.

मोठा बदल १९९० च्या दशकात झाला. धुराचे नियम कडक झाले, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला आणि त्याच्यासोबत दाबाखालचं पेट्रोल थेट फवारणारं फ्युएल इंजेक्शन. कॅटरहॅमने १९९१ मध्ये रोव्हरचं के-सिरीज इंजिन घेतलं. इंजेक्शनला ३ पीएसआय नव्हे, साधारण ३ बार लागतात, म्हणजे चौदापट. पण टाकी बनवणाऱ्यांच्या डोक्यात अजून कार्बोरेटरच होता. कार्बोरेटरचा फ्लोट चेंबर छोट्या साठ्याचं काम करतो. वळणावर टाकीतलं पेट्रोल एका बाजूला गेलं आणि पिकअपला क्षणभर हवा लागली, तरी इंजिनाला ते कळत नाही. इंजेक्शनच्या लाइनमध्ये असा गादीसारखा आधार नसतो, पंपाने हवा गिळली की इंजिन तत्क्षणी दम सोडतं. म्हणून ट्रॅकवर, टाकी पाव भरलेली असताना आणि लांबच्या वळणावरच बंद पडणारी गाडी दिसली, तर पंप बदलण्याआधी टाकीत आडवे पडदे आहेत का ते बघावं. स्वर्ल पॉट नावाचा उभा डबा यासाठीच लावतात. कमी दाबाचा पंप तो सतत भरलेला ठेवतो आणि जास्त दाबाचा पंप त्याच्या तळातून घेतो.

इंजेक्शनसोबत आलेली दुसरी पंचाईत विजेची. के-सिरीजच्या गाड्यांत पंपाचा रिले (विजेवर चालणारा स्विच) इतर रिलेंसोबत एकाच सीलबंद डब्यात असतो. त्यातला सोल्डरचा टाका सुटला की गाडी कधी चालते, कधी नाही. शिवाय अपघातात पेट्रोल तोडणारा इनर्शिया स्विच असतो, तो जोराच्या खड्ड्यानेही उडतो. किल्ली फिरवल्यावर मागून पंपाची दोन सेकंदांची ‘भुर्र’ ऐकू आली नाही, तर आधी तो स्विच दाबून बघतात.

शेवटचा बदल पेट्रोलमध्येच झाला. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल म्हणजे १० टक्के इथेनॉल, आपल्याकडे २०२३ पासून २० टक्क्यांचं मिश्रण आलं. जुन्या किट कारमधली रबरी नळी इथेनॉलसाठी बनलेली नव्हती. ती बाहेरून ठीक दिसते आणि आतून सुटते, तिचे काळे कण थेट जेटमध्ये जाऊन बसतात. फायबरग्लासच्या टाकीचं जुनं रेझिन मऊ पडून चिकट थर सोडतं. त्यात ही गाडी हिवाळाभर झाकून ठेवायची. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि ते पाणी तळाशी, नेमकं पिकअपजवळ साचतं. मार्चमध्ये पहिल्यांदा बाहेर काढलेली गाडी मिसिंग करू लागली, की जाणकार आधी टाकी उपसतात आणि नळी वाकवून तिच्यावर भेगा पडतात का ते बघतात. नवी घेताना इथेनॉल सोसणाऱ्या नळीची ‘आर-९’ ही खूण दुकानदाराच्या तोंडी नको, नळीवर छापलेली हवी.